बाळाच्या श्वासाचा हिशेब

या पानावर आपण शिष्यवृत्ती, मुलींचे शिक्षण, तलाक, मतदार यादी, कागदपत्रे अशा विषयांवर बोलत आलो आहोत. या वेळी मी नवजात बाळाच्या श्वासाबद्दल लिहिणार आहे. हा तर डॉक्टरांचा विषय, संपादकीयात कशाला, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर मदतीचे जे संदेश येतात, त्यांतले कितीतरी एकाच वाक्याने सुरू होतात : 'बाळाला काचेत ठेवले आहे.' खाली क्यूआर कोड असतो आणि दुआची विनंती असते. आपण शंभर-पाचशे रुपये पाठवतो, 'आमीन' लिहितो आणि कामाला लागतो. पैसे पाठवणे चांगलेच. पण बाळ त्या काचेपर्यंत किती तासांनी पोहोचले, आई त्याच्याजवळ होती का, बाप कुठे बसला होता, जे उपचार मोफत मिळायला हवे होते त्यांच्यासाठी क्यूआर कोड का फिरवावा लागला, हे आपण विचारत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. श्वास अडलेल्या नवजात बाळाला वाचवणे हे डॉक्टर, सिस्टर आणि यंत्रांचे काम आहेच. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे मोठे काम घराचे आणि मोहल्ल्याचे आहे. ते काम फक्त आईचे नाही. आणि ते शिकण्याचे वय आपले आहे, कारण आज विशी-तिशीत असलेले आपणच उद्याचे आई-बाप, मामा, खाला, चाचा आहोत.

आधी हा आजार काय असतो ते समजून घेऊ. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. प्राणवायू नाळेतून मिळतो. जन्मल्यावर काही क्षणांत ते पाणी मागे सरून तिथे हवा भरावी लागते. हे नीट झाले नाही की धाप लागते. कारणे वेगवेगळी. सिझेरियननंतर काही बाळांच्या फुप्फुसात पाणी थोडे जास्त वेळ राहते. ते बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप जिरते. काही बाळे पोटातच शी करतात आणि ती श्वासात जाते. काहींना जंतुसंसर्ग होऊन न्यूमोनिया होतो. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसात एक चिकट, साबणासारखा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडल्यावर एकमेकांना चिकटून मिटू नयेत, हे त्याचे काम. तो नसला तर प्रत्येक श्वास हा पहिल्यांदा फुगा फुगवण्याइतका कष्टाचा होतो. बाळ थकते, आणि थकलेले बाळ श्वास घ्यायचे सोडून देते.

हे कळायला जगाला वेळ लागला. १९५९ साली मेरी एलन एव्हरी या अमेरिकी डॉक्टरने सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले, की अशा बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ कमी असतो. तरीही १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने ३९ तासांत गेला. जगातला सर्वांत ताकदवान माणूस दवाखान्यात बसून होता आणि डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. १९७१ साली सीपॅपची पद्धत छापून आली : बाळाच्या नाकातून हलक्या दाबाने सतत हवा देत राहायचे, म्हणजे फुगे मिटत नाहीत. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवले, की अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी बाळाच्या श्वासनळीत थेट सरफॅक्टंट सोडून बाळे वाचवली.

केनेडींच्या मुलाला जे मिळाले नाही ते आज आपल्या जिल्हा रुग्णालयात मिळू शकते. आईला द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शने तर अगदी स्वस्त असतात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. देशाचा आकडा २० होता. म्हणजे आपले राज्य बरेच पुढे आहे. पण जी ११ जातात त्यांतली काही औषध नव्हते म्हणून जात नाहीत. कुणी ओळखले नाही, कुणी निघाले नाही, कुणी दारातून परत पाठवले, म्हणून जातात.

ओळखायचे कसे, हे या महाराष्ट्रानेच देशाला शिकवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या, जेमतेम शिकलेल्या किंवा न शिकलेल्या बायकांना बाळाचा श्वास मोजायला शिकवले. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण केले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला : ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून हीच पद्धत 'घरोघरी नवजात बाळाची काळजी' या नावाने देशभर आशाताईंच्या हाती आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते.

आपल्या मोहल्ल्यात ती येते का? आली तर आत घेतले जाते का? अनेक घरांत 'चिल्ला चालू आहे, बाहेरच्या कुणाला दाखवत नाही' असे म्हणून तिला दारातूनच परत पाठवतात. चाळीस दिवस आई-बाळाला जपण्याची आपली रीत मुळात चांगली आहे. पण जी बाई बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, ताप बघायला येते तिला बाहेर ठेवून आपण नेमके कुणापासून जपतो? घरातल्या तरुणांनी एवढे तरी करावे : आशाताईचा फोन नंबर घ्यावा आणि ती येईल तेव्हा दार उघडावे.

आता मोजणे. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, कपडा वर करून छाती-पोट पाहा. वर जाऊन खाली आले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायचे. शिवाय श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ प्रत्येक श्वासाला कण्हत असेल, ओठ-जीभ निळी पडत असेल, अधूनमधून श्वास थांबत असेल, अंग गार पडले असेल किंवा तापले असेल, किंवा काल चांगले दूध पिणारे बाळ आज ओढत नसेल, तर मोजत बसू नका. लगेच निघा. नवजात बाळाच्या बाबतीत 'सकाळपर्यंत बघू' हा सल्ला कुणाचाही ऐकू नका, मग तो कितीही मोठ्या माणसाचा असो.

निघताना बाळाला गार पडू देऊ नका. डोक्याला टोपी, अंगाला कोरडा कपडा, आणि शक्य असेल तर आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीला लावून वरून चादर. १०८ ला फोन करा. २०१४ पासून ही सेवा राज्यात आहे. बाळाला धाप लागली असताना तोंडाने काही पाजू नका. ते श्वासनळीत जाऊ शकते. दम करून आणलेले पाणीसुद्धा नको. दुआ करायचीच, पण गाडीत बसून करायची.

माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन एक किलो तीनशे ग्रॅम. कळा लवकर सुरू झाल्या तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शन दिले आणि मग पुढे पाठवले. बाळंतपण एका खासगी दवाखान्यात झाले. तिथे बाळासाठी सोय नव्हती. दुसऱ्या एका दवाखान्याने आधी एक लाख रुपये अनामत भरा म्हणून सांगितले. माझा मेहुणा यंत्रमागावर काम करतो. एक लाख रुपये त्याने एका जागी कधी पाहिले नव्हते. शेवटी सरकारी रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात, बाळ दाखल झाले. एकदा सरफॅक्टंट दिले, सहा दिवस सीपॅप. औषधाला पैसे लागले नाहीत.

त्या कक्षात बाळाच्या पायाला पट्टी बांधतात, त्यावर बाळाचे नाव नसते, आईचे असते. अमुक आईचे बाळ. बापाचे, खानदानाचे नाव तिथे विचारत नाहीत. पण ज्या आईच्या नावाने बाळ ओळखले जाते तिलाच पहिले दोन दिवस आमच्या घरच्यांनी खाटेवरून उठू दिले नव्हते, कारण 'बाळंतिणीने फिरायचे नसते'. तिसऱ्या दिवशी सिस्टरने स्पष्ट सांगितले, "आईला आणा. औषध आम्ही देतोय, दूध आमच्याकडं नाही."

दूध हे इथले अर्धे औषध आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा एक भयंकर आजार होतो. आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये तो बराच कमी दिसतो. बाळ ओढू शकत नसले तरी आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने दूध काढायचे. सुरुवातीला चमचाभरही निघत नाही. पिवळट चिकाचे काही थेंब निघतात, आणि तेच सर्वांत मोलाचे. ते नळीतून बाळाच्या पोटात जातात. माझ्या बहिणीला पहिल्या दिवशी दोन मिली दूध निघाले. 'हिला दूधच नाही' हे वाक्य त्या दिवशी घरात तीन जणांनी म्हटले. असे बोलण्याने दूध आटते. पाणी, जेवण, झोप आणि धीर यांनी येते. आठवड्याने बाळाला पुरून उरेल इतके येऊ लागले.

दुसरे अर्धे औषध म्हणजे छाती. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून मोठ्या माणसाच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवायचे. याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली, कारण काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तेव्हा तो गरिबांचा नाइलाज समजला गेला. २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; आपल्याकडून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच छातीला लावले, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवून सगळ्यांनाच ही पद्धत द्यायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. तरीही बाळ फार अस्थिर असेल तेव्हा कधी आणि किती वेळ, हे त्या कक्षातल्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

छाती आईचीच हवी असे नाही. माझ्या बहिणीला ताप आला तेव्हा सिस्टरने मेहुण्याला बोलावले. तो म्हणाला, "मी शर्ट काढून कसा बसू, इथं बायका आहेत." सिस्टर म्हणाली, "पडदा लावते. आधी कोपरापर्यंत हात धुवून या." वुजूची सवय असलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, त्याने धुतले आणि बसला. त्याच्या अम्मींना ते पटले नाही; पुरुषाने असे मूल घेऊन बसायचे नसते, असे त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मॉनिटरवरचा आकडा पाहिला. बाप बसला की प्राणवायूचे प्रमाण वर जाते हे त्यांना दिसले आणि मग त्याच त्याला घरून डबा घेऊन जायला लागल्या. त्या दिवसांत त्याची मजुरी बुडाली. आपल्या गटाने त्या महिन्यात जी मदत केली ती औषधाला लागली नाही. या बुडालेल्या मजुरीला लागली. आजारी बाळाच्या घराला खरी गरज अनेकदा याचीच असते, आणि ती कुठल्याच संदेशात लिहिलेली नसते.

एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन विचारले, "मुलगीच आहे ना? मग कशाला एवढी ओढाताण?" मी उत्तर दिले नाही, त्यांना पुन्हा दवाखान्यात येऊ दिले नाही. जन्मतः मुलगे थोडे जास्त नाजूक असतात हे खरे. पण मुलीला दवाखान्यात आणायला उशीर होतो आणि घरी न्यायला घाई होते, हे कुठल्याही एसएनसीयूमधली सिस्टर तुम्हाला सांगेल. मुलींना जिवंत पुरण्याच्या प्रथेविरुद्ध इस्लामने काय सांगितले हे आपण व्यासपीठावर अभिमानाने सांगतो. ते काचेच्या पेटीसमोरही आठवायला हवे.

शेजारच्या पेटीत एक बाळ होते. पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे, न्यूमोनिया झालेले. घरी तीन दिवस 'सर्दी आहे' म्हणून शेकले, धुरी दिली, दुकानातून औषध आणले. दाखल झाल्यावर सोळा तासांत ते गेले. त्याच्या आईला कुणी बोल लावला नाही, एवढेच त्या रात्री बरे झाले. तिची चूक नव्हतीच. श्वास मोजतात हे तिला कुणी कधी सांगितले नव्हते.

दुधाचा विषय निघाला आहे तर एका अवघड प्रश्नाकडेही पाहू. आईचे दूध मुळीच मिळत नसेल, ती दगावली किंवा बेशुद्ध असेल, तर दान केलेले दूध हा चांगला पर्याय असतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली दूधपेढी आशियातली पहिली मानली जाते. पण आपल्या घरांत प्रश्न येतो : दूध पाजणारी बाई शरीअतने आई होते, तिची मुले भावंडे होतात, त्यांच्यात निकाह होत नाही. पेढीत अनेक आयांचे दूध एकत्र होते. मग उद्या कोण कुणाचे भावंड, हे कसे कळणार?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जाणत्यांमध्येही मतभेद आहेत. हनफी मतानुसार थोड्या दुधानेही नाते लागते. कोकणातले आपले शाफई बांधव पाच वेळा पाजण्याची अट मानतात. १९८५ मध्ये जेद्दाहच्या फिकह अकादमीने दूधपेढ्यांविरुद्ध निर्णय दिला. २००४ मध्ये युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चने गरज असलेल्या बाळाला असे दूध देण्यास हरकत नाही असे म्हटले. इराणमध्ये २०१६ पासून पेढ्या चालू आहेत. ढाक्यात २०१९ च्या अखेरीस आणि कराचीत २०२४ च्या जूनमध्ये पेढ्या सुरू होताहोता थांबल्या.

माझे मत मी स्पष्ट मांडते. पहिला हक्क आणि पहिला प्रयत्न बाळाच्या स्वतःच्या आईच्या दुधाचा. आईला नीट मदत मिळाली तर बहुतेक वेळा ते पुरते. ते नसेल आणि डॉक्टर सांगत असतील की या बाळाला दुसऱ्या आईच्या दुधाची गरज आहे, तर जीव वाचवणे आधी येते. नात्याच्या प्रश्नाला नोंदवही हे उत्तर आहे. कुठल्या आईचे दूध कुठल्या बाळाला गेले हे लिहून ठेवून ते दोन्ही घरांना सांगणे अशक्य नाही. पेढ्यांकडे ही मागणी करायला हवी, आणि आपल्या उलेमांबरोबर बसून यावर बोलायला हवे. हे बोलणे बाळ काचेत असताना रात्री दोन वाजता दवाखान्याच्या जिन्यात होऊ नये. आधी, शांतपणे, मोहल्ल्याच्या बैठकीत व्हावे.

आपल्या रीतींचेही तसेच. कानात अजान द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, हात धुऊन, हळू आवाजात द्या. माझ्या भाचीला तिच्या अब्बूंनी तशीच दिली. मध मात्र चाटवू नका. एक वर्षाच्या आत कुठल्याही बाळाला मध देऊ नये, त्यातून एक जीवघेणे विष तयार होऊ शकते. अकीका सातव्या दिवशी जमला नाही तर चौदाव्या, एकविसाव्या किंवा त्यानंतरही करता येतो. अशा बाळाचे डोके भादरायची घाई नको. घरी आल्यावर ऊद-लोबानची धुरी, अगरबत्ती, डास मारायची कॉइल, चूल, विडी-सिगारेट यांतला कुठलाच धूर बाळाच्या खोलीत नको. अत्तर लावून मुका घ्यायला येणाऱ्यांची रांग नको. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने लांबूनच दुआ द्यावी. हे रीतीच्या विरुद्ध नाही. रीत बाळासाठीच असते.

आता हक्काचे बोलू. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. सरकारी रुग्णालयात जन्मानंतर ३० दिवसांपर्यंतच्या आजारी बाळाला उपचार, औषधे, तपासण्या, रक्त, आणण्या-नेण्याची गाडी हे सगळे त्यानुसार मोफत आहे. २०१४ मध्ये ही सवलत एक वर्षाच्या बाळांपर्यंत वाढवली गेली. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर अदबीने पण ठामपणे या कार्यक्रमाचे नाव घ्या. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या वेळी रुग्णाला लगेच दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणेही त्यांना बंधनकारक आहे. त्यासाठी रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. घरात कुणाला सातवा महिना लागला की हे कागद, आधार कार्डासह, एका पिशवीत घालून ठेवायला हवेत.

बाळ घरी आले की संपले असे नसते. जी बाळे ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मली त्यांच्या डोळ्यांची पडद्यापर्यंतची तपासणी महिन्याच्या आत व्हायलाच हवी. प्राणवायू वाचवतो, पण कच्च्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांना तो जास्त झाला तर इजा करतो. म्हणूनच सिस्टर प्राणवायू मोजूनमापून देतात. 'ऑक्सिजन का कमी केला' म्हणून त्यांच्याशी भांडू नका. ही तपासणी चुकली तर वाचलेले बाळ कायमचे आंधळे होऊ शकते, आणि वेळेत झाली तर उपचार आहेत. कानांची तपासणीही करा. लसी बाळाच्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. 'अपुऱ्या दिवसांचे आहे, उशिरा देऊ' असे स्वतः ठरवू नका. आणि आईकडे लक्ष ठेवा. आठवड्यांमागून आठवडे ती रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे बघत नसेल, तर तिलाही डॉक्टरची गरज आहे. तिच्यावर सावली पडलेली नाही, तिला आजार झालेला असू शकतो.

माझी भाची आता दोन वर्षांची आहे. पळते, मांजरामागे लागते. सर्दी झाली की तिची छाती वाजते आणि आम्ही सगळे अजूनही कपडा वर करून मोजतो.

मित्रमैत्रिणींनो, या महिन्यात प्रत्येक शाखेने एक काम करावे अशी माझी विनंती आहे. आपल्या मोहल्ल्याची एक पानभर यादी बनवा. सर्वांत जवळचा एसएनसीयू कुठे आहे आणि तिथला फोन काय. कुठले धर्मादाय रुग्णालय नवजात बाळे घेते. आशाताई कोण. रात्री गाडी कुणाची मिळेल. फॉर्म भरायला आणि डॉक्टरांशी बोलायला कोण सोबत जाईल. आजारी बाळाच्या बापाची आठवड्याची मजुरी जकातीतून की चंद्यातून, कशी भरून देता येईल. ते पान मशिदीच्या फलकावर, किराणा दुकानात आणि गटावर लावा. एका रविवारी आशाताईला बोलावून मुला-मुलींना, दोघांनाही, श्वास मोजायला शिकवा. घड्याळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. शाखांनी केलेल्या याद्या आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात त्या मराठी आणि उर्दू दोन्ही पानांवर छापू.